गुंतवणुकीचे शास्त्र आणि टेंभुर्णीचे शिवार

जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णीसारख्या गावातून वाणिज्याची पदवी पदरात पाडून घेतलेली एखादी विद्यार्थिनी जेव्हा छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पुढील शिक्षणासाठी जाते आणि गुंतवणुकीचा सिद्धान्त व पोर्टफोलिओचे व्यवस्थापन हा विषय तिच्या पुढ्यात येतो, तेव्हा ग्रीक अक्षरांनी भरलेली सूत्रे, इंग्रजी परिभाषा आणि ज्या मुंबईच्या शेअरबाजाराशी तिच्या घरातील कोणाचाही कधी संबंध आलेला नाही त्या बाजारातील उदाहरणे असा तिहेरी पडदा प्रथमदर्शनीच तिच्या आणि विषयाच्या मध्ये उभा राहतो. परीक्षेपुरती सूत्रे पाठ करून ती उत्तीर्ण होते, परंतु हे शास्त्र आपल्यासाठी नव्हे, ते दलाल स्ट्रीटवरील लोकांसाठी आहे, ही समजूत मात्र मनात कायम राहते. ही समजूत चुकीची आहे, असे मला आग्रहाने सांगावयाचे आहे. या शास्त्रातील मध्यवर्ती विचार तिच्या घरच्या शेतीत प्रत्यक्ष वावरत असतोच. पण त्याहूनही ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की जोखमीपुढे माणूस कसा वागतो या प्रश्नाची जगातील काही अत्यंत महत्त्वाची तपासणी शेअरबाजारात झालेली नसून सोलापूर आणि अकोला जिल्ह्यांतील कोरडवाहू खेड्यांत झालेली आहे.

प्रथम मूळ सिद्धान्ताकडे वळू. १९५२ च्या मार्च महिन्यात ‘जर्नल ऑफ फायनान्स’ या अमेरिकन नियतकालिकात हॅरी मार्कोविट्झ नावाच्या, वयाची पंचविशीही न गाठलेल्या तरुणाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. शिकागो विद्यापीठात प्रबंधाच्या तयारीत असताना त्याच्या वाचनात जॉन बर विल्यम्स यांचा गुंतवणूकमूल्यावरील १९३८ सालचा ग्रंथ आला होता, आणि त्यातील प्रतिपादन असे होते, की समभागाची खरी किंमत म्हणजे त्यावर पुढे मिळत जाणाऱ्या लाभांशाचे आजचे मूल्य. वाचता वाचता त्या तरुणाला शंका आली, की गुंतवणूकदाराने केवळ अपेक्षित परताव्याकडेच पाहावयाचे असेल, तर ज्या एका समभागाचा अपेक्षित परतावा सर्वांत जास्त, त्यातच सगळी रक्कम घालणे शहाणपणाचे ठरेल. मग व्यवहारात कोणताही सुज्ञ मनुष्य तसे का करीत नाही? कारण उघड होते. माणसाला लाभ हवा असतो, तसेच त्या लाभातील अनिश्चितता नकोशी असते, आणि ही अनिश्चितता मोजण्याचे साधन संख्याशास्त्रात तयारच होते. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेच्या वेळी मिल्टन फ्रीडमन यांनी हे अर्थशास्त्रच नव्हे, असा आक्षेप घेतला होता. पदवी मात्र मिळाली, आणि १९९० साली याच कामगिरीबद्दल मार्कोविट्झ यांना मर्टन मिलर व विल्यम शार्प यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

या निबंधातील विचार समजून घेण्यासाठी शेअरबाजाराकडे जाण्याची निकड नाही. मराठवाड्यात सोयाबीनच्या काही ओळींनंतर तुरीच्या एक-दोन ओळी घेण्याची पद्धत सर्वत्र आहे. सोयाबीन येण्यापूर्वीच्या काळात ज्वारी-कपाशीच्या तिफणीमागे सरत्याने तुरीची ओळ सोडीत. सोयाबीन साधारणतः ऑक्टोबरात निघते. त्या वेळी मोकळ्या झालेल्या पट्ट्यांच्या मधोमध तूर हिरवीगार उभी असते, आणि तिच्या शेंगा पक्व होऊन कापणीला येईपर्यंत डिसेंबर-जानेवारी उजाडतो. म्हणजे सोयाबीनचे भवितव्य मुख्यतः पावसाळ्याच्या पूर्वार्धावर, तर तुरीचे बव्हंशी उत्तरार्धावर आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर अवलंबून. आता हिशेबाच्या सोयीसाठी आकडे कल्पून घेऊ. पूर्वार्धाचा पाऊस चांगला किंवा वाईट, उत्तरार्धाचाही चांगला किंवा वाईट, अशी चार प्रकारची वर्षे सारख्याच संभवाने येतात असे मानू. सोयाबीनला पूर्वार्ध साधला तर एकरी चाळीस हजार रुपये सुटतात, न साधला तर काहीच नाही. तुरीचेही तसेच, फक्त उत्तरार्धाच्या हिशेबाने. दोन्ही पिकांचा सरासरी नफा वीस हजार, आणि त्या सरासरीपासून होणाऱ्या चढउताराचे माप, ज्याला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन म्हणतात, तेही वीस हजार. एका पिकावर अवलंबून राहणाऱ्याला चार प्रकारच्या वर्षांपैकी दोहोंत रिकाम्या हाताने घरी यावे लागते. ज्याने अर्धे रान सोयाबीनला व अर्धे तुरीला दिले, त्याला एका प्रकारच्या वर्षात चाळीस हजार, दोन प्रकारच्या वर्षांत वीस-वीस हजार आणि केवळ एका प्रकारच्या वर्षात शून्य मिळते. सरासरी वीस हजारच राहिली, तिच्यातून एक रुपयाही कमी झाला नाही. पण प्रमाण विचलन वीस हजारांवरून चौदा हजारांच्या किंचित वर येऊन ठेपले.

वाचकाने येथे क्षणभर थांबावे, कारण सगळ्या सिद्धान्ताचे मर्म याच ठिकाणी आहे. जोखीम कमी झाली ती दोन्हींपैकी एखादे पीक सुरक्षित होते म्हणून नव्हे. स्वतंत्रपणे पाहता दोन्ही तितकीच बेभरवशाची होती. ती कमी झाली, कारण दोघांचे दैव एकमेकांना बांधलेले नव्हते. दोन्ही पिकांना एकाच पावसाची गरज असती, तर अर्धे-अर्धे पेरूनही प्रमाण विचलन वीस हजारच राहिले असते. आणि एकाचे बुडणे हेच नेमके दुसऱ्याचे तरणे असते, तर चढउतार पूर्णपणे नाहीसा होऊन दरवर्षी बिनचूक वीस हजार हाती आले असते. या परस्परसंबंधाचे माप उणे एक ते अधिक एक या मर्यादेत असते आणि त्याला सहसंबंध म्हणतात. एखाद्या समभागाची वा पिकाची जोखीम त्याच्या एकट्याच्या अंगी किती आहे हा प्रश्नच अपुरा आहे, संपूर्ण संचात त्याच्या येण्याने काय फरक पडतो हा खरा प्रश्न आहे, असे मार्कोविट्झ यांनी दाखवून दिले. पाच बँकांचे समभाग घेऊन आपण विविधता साधली असे मानणारा गृहस्थ आणि पाच निरनिराळ्या जातींची कपाशी लावून आपण निश्चिंत झालो असे मानणारा शेतकरी, हे दोघेही संख्येला विविधता समजत असतात.

या विचाराच्या पुढील विस्ताराचा वृत्तान्त थोडक्यात सांगता येईल. दिलेल्या जोखमीला अधिकात अधिक अपेक्षित परतावा देणाऱ्या संचांची जी रेषा निघते, तिला कार्यक्षम सीमा म्हणतात. या रेषेखालचे प्रत्येक मिश्रण टाकाऊ, कारण तितक्याच जोखमीत त्याहून चांगले मिश्रण उपलब्ध असते. १९५८ साली, म्हणजे ज्या वर्षी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली त्याच वर्षी, जेम्स टोबिन यांनी असे मांडले, की निर्धोक रोखे उपलब्ध असतील तर भित्र्या आणि धाडसी गुंतवणूकदारांनी समभागांचे निरनिराळे संच करण्याचे कारण नाही. संच एकच ठेवावा आणि आपापल्या स्वभावानुसार रकमेचा किती हिस्सा त्यात व किती निर्धोक रोख्यांत ठेवावयाचा एवढेच ठरवावे. अडचण होती ती हिशेबाची. तीस समभागांचे परस्परसंबंध तपासावयाचे तर ४३५ जोड्या होतात, शंभरांचे तपासावयाचे तर ४,९५०. विल्यम शार्प यांनी १९६३ साली सुचविले, की प्रत्येक समभागाची प्रत्येकाशी तुलना करण्याऐवजी त्याची तुलना एकट्या बाजाराच्या निर्देशांकाशी करावी, तेव्हाच्या आय.बी.एम. संगणकावर शंभर समभागांचे जे उदाहरण सोडवावयास तेहतीस मिनिटे लागत, ते या युक्तीने अर्ध्या मिनिटात सुटू लागले. विद्यार्थ्यांना ज्याच्या व्याख्येवर हमखास प्रश्न येतो तो ‘बीटा’, म्हणजे बाजाराच्या चढउताराबरोबर समभाग किती हलतो याचे माप, याच मार्गाने पुढे आला.

बीटाचा आशय मात्र व्याख्येपेक्षा गंभीर आहे. समभागांची संख्या वाढवीत गेले की एकेका कंपनीची खाजगी जोखीम, म्हणजे कोठे संप, कोठे आग, कोठे नालायक कारभार, हळूहळू विरून जाते. परंतु जी जोखीम सगळ्यांची सामाईक असते ती कितीही विविधता केली तरी शिल्लक राहते. २००८ च्या जानेवारीत मुंबई शेअरबाजाराचा निर्देशांक २१,००० च्या वर गेला होता आणि ऑक्टोबरात तो ९,००० च्या खाली आला. त्या पडझडीत पोलाद, बँका, बांधकाम, सगळे एकत्रच खाली आले. जालना जिल्ह्याला याचा दाखला दूरवर शोधावा लागत नाही. कपाशीच्या भावातील लहरीपणावर उपाय म्हणून येथील अनेक शेतकऱ्यांनी मोसंबीच्या बागा उभ्या केल्या होत्या, आणि ‘जालना मोसंबी’ या नावाला पुढे भौगोलिक मानांकनही लाभले. बाजारभावाच्या दृष्टीने कपाशी आणि मोसंबी यांचा परस्परसंबंध थोडाच. पण २०१२-१३ च्या दुष्काळात विहिरी आटल्या तेव्हा दोन्हींना लागणारे पाणी एकच आहे, हे जिल्ह्याच्या प्रत्ययास आले. टँकरने पाणी विकत आणून घातले तरी बागा वाळल्या, आणि कित्येकांना वर्षानुवर्षे लेकराप्रमाणे जपलेली झाडे तोडावी लागली. सुकाळात मोजलेला सहसंबंध दुष्काळात टिकत नाही, संकटाच्या वेळी तो अधिक एककडे झेपावतो. पाठ्यपुस्तकात बहुधा तळटीपेत राहणारे हे सत्य माझ्या मते पहिल्या आठवड्यातच शिकवावयास हवे.

आता त्या कोरडवाहू खेड्यांकडे येऊ. हैदराबादजवळ पाटनचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्थेने १९७५ पासून काही निवडक गावांचा कुटुंबवार अभ्यास हाती घेतला. आरंभीच्या सहा गावांपैकी चार महाराष्ट्रातील: सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कलमण, आणि अकोला जिल्ह्यातील कान्झरा व किनखेड. प्रत्येक गावातील चाळीस घरे निवडली, त्यांत दहा भूमिहीनांची आणि उरलेली लहान, मध्यम व मोठ्या खातेदारांची. आणि गावातच मुक्कामाला राहणाऱ्या अन्वेषकांनी दर काही आठवड्यांनी जाऊन पेरा, मजुरी, देणेघेणे, अन्नधान्य यांचा तपशील वर्षानुवर्षे लिहून काढला. त्या दफ्तराच्या आधारे जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी जे लिहिले, त्याने कोरडवाहू शेतकऱ्यासंबंधीच्या कित्येक रूढ कल्पना मोडीत काढल्या.

त्यांपैकी हान्स बिन्सवांगर यांचा १९८० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मला प्रत्येक वर्गात करून दाखवण्याजोगा वाटतो. त्यांनी शेतकऱ्यांपुढे नाणेफेकीचा एक खेळ ठेवला, आणि त्यातील पैसे खरोखरीचे होते. पन्नास रुपयांच्या फेरीतील काही पर्याय असे: पहिल्यात छाप पडो की काटा, ५० रुपये निश्चित, दुसऱ्यात एका बाजूस ४५, दुसऱ्या बाजूस ९५, त्यापुढे ४० किंवा १२०, मग ३० किंवा १५०, मग १० किंवा १९०, आणि शेवटी शून्य किंवा २००. सरासरी काढून पाहावी: पन्नास, सत्तर, ऐंशी, नव्वद, शंभर, आणि शेवटच्या पर्यायातही शंभरच. म्हणजे अखेरच्या पायरीवर जोखीम वाढते, पण सरासरी लाभात कवडीचीही भर पडत नाही. याखेरीज ३५ किंवा १२५ असा एक पर्याय मुद्दाम घातलेला होता. त्याची सरासरी ४० किंवा १२० इतकीच, चढउतार मात्र अधिक, म्हणजे कार्यक्षम सीमेच्या खालचा संच. ज्या सीमेची वक्ररेषा विद्यार्थी फळ्यावरून उतरवून घेतात, ती येथे रुपये-पैशांत मांडलेली आहे. खेळ अर्ध्या रुपयापासून सुरू करून क्रमाक्रमाने पन्नास रुपयांपर्यंत वाढवीत नेला, आणि पन्नास रुपये म्हणजे त्या काळी शेतमजुराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीची रक्कम होती.

निष्कर्ष असा निघाला, की रक्कम किरकोळ असताना लोकांची निवड विखुरलेली होती. ती मोठी झाली तसे बहुतेक सर्वजण मधल्या पर्यायांकडे, म्हणजे मध्यम सावधगिरीकडे वळले. अगदी निर्धोक वा अगदी बेधडक निवड करणारे थोडेच. आणि संपत्तीच्या कमीअधिकपणाचा निवडीवर फारसा परिणाम आढळला नाही. गरीब शेतकरी स्वभावतःच भित्रा असतो, म्हणून तो नवे बियाणे वा खत घेत नाही, हे विधान कचेऱ्यांतून आणि परिसंवादांतून इतक्या वेळा उच्चारले गेले आहे, की ते सिद्ध झालेले आहे असेच अनेकांना वाटते. बिन्सवांगर यांच्या प्रयोगाने त्याचा पाया काढून घेतला. नाणेफेकीपुढे गरीब आणि श्रीमंत जवळजवळ सारखेच वागतात. शेतात ते निराळे वागतात, याचा अर्थ फरक मनोवृत्तीचा नसून कर्ज, माहिती आणि निविष्ठा यांच्या उपलब्धतेचा आहे.

त्या फरकाची किंमतही पुढे मोजली गेली. मार्क रोझेनझ्वाइग आणि बिन्सवांगर यांनी १९९३ साली याच गावांच्या माहितीवरून दाखविले, की पावसाच्या आगमनाची अनिश्चितता एका प्रमाण विचलनाने वाढली, तर मध्यम ऐपतीच्या कुटुंबाचा शेतीनफा सुमारे १५ टक्क्यांनी आणि तळाच्या चतुर्थांशातील कुटुंबाचा सुमारे ३५ टक्क्यांनी घटतो. सधन कुटुंबाला जवळजवळ झळही लागत नाही. कारण ज्याच्या गाठीला काही नाही, त्याला कमी जोखमीची पण कमी उत्पन्नाची पिके व साधने पत्करावी लागतात. मार्कोविट्झ यांच्या कार्यक्षम सीमेवर तो आपखुषीने डावीकडे, म्हणजे कमी जोखमीकडे, सरकत नाही, त्याला तेथे ढकलले जाते. विद्यापीठात आपण जोखीम-परतावा यांचा सौदा गुंतवणूकदाराच्या आवडीनिवडीचा म्हणून शिकवतो. खेड्यात तो बहुतांशी ऐपतीचा असतो.

याच रोझेनझ्वाइग यांनी ओडेड स्टार्क यांच्यासमवेत १९८९ साली आणखी एक गोष्ट उघडकीस आणली होती. शेतीचे उत्पन्न ज्यांचे अधिक बेभरवशाचे, त्या कुटुंबांनी मुली अधिक दूरच्या गावी दिलेल्या आढळल्या, आणि अशा सोयरिकींमुळे त्यांच्या अन्नखर्चातील चढउतार कमी झालेला दिसला. दूरच्या गावी पाऊस वेगळा पडतो. आपले शिवार करपले तरी व्याह्यांचे कदाचित पिकलेले असते. सोयरीक जुळवताना आपण सहसंबंधाचे गणित करतो आहोत असे कोणाही आजीला वाटणार नाही, आणि मुलीचा संसार ही काही विम्याची पावती नव्हे; तथापि अडचणीच्या वर्षी पाव्हण्यांकडून आलेल्या धान्याच्या पोत्यांनी किती चुली पेटत्या ठेवल्या, हे मराठवाड्यातील जुन्या माणसांना सांगावे लागत नाही.

शेत आणि शेअरबाजार यांत एक मूलभूत भेद आहे, आणि तो विद्यार्थ्याच्या मनावर ठसवलाच पाहिजे. समभागाचे कितीही लहान तुकडे होतात. महिना काही शे रुपये भरणाऱ्यालाही निर्देशांकावर आधारलेल्या म्युच्युअल फंडामार्फत पन्नास कंपन्यांत हिस्सा मिळतो, आणि नको झाल्यास तो विकता येतो. दोन एकरांच्या खातेदाराला आपल्या जमिनीचा अर्धा भाग कोकणातील भातखाचरांशी बदलता येत नाही. तो पिके बदलू शकतो, भाजीपाल्याच्या बीजोत्पादनाचा करार करू शकतो. त्या करारात भाव आधी ठरल्यामुळे बाजाराची जोखीम कंपनीकडे जाते, परंतु बियाणे शुद्धतेच्या चाचणीत नापास झाले तर त्याची झळ त्यालाच सोसावी लागते. सुगीच्या पडत्या भावात विक्री टाळण्यासाठी बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण कर्जाची सोय आहे. पण हे सर्व उपाय त्याच शिवारापुरते आहेत, म्हणून माझी अशी सूचना आहे, की टेंभुर्णीच्या विद्यार्थिनीच्या प्रकल्पाला शेतातली बचत बाहेरच्या रोख्यांत कशी आणि किती न्यावी, हा प्रश्न दिला जावा. शेतीचा पाऊस आणि देशातील मोठ्या कंपन्यांचा नफा यांचा संबंध दुबळा असल्यामुळे शेतकरी कुटुंबाला अशा गुंतवणुकीचा होणारा लाभ शहरी पगारदारापेक्षा निराळा, आणि बहुधा अधिक असावा. परंतु विहिरीत पाणी नसेल त्या वर्षी तत्काळ मोडता येईल अशी रक्कम आधी बाजूस काढून ठेवल्यावाचून समभागांकडे वळणे तिच्या घराला परवडणारे नाही, हेही त्याच हिशेबातून निघेल.

असा प्रकल्प करण्यास साधने आहेत. सातबाऱ्यातील गाव नमुना बारावर वर्षावार पेरा नोंदलेला असतो, २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच मोबाइलवरून तो नोंदवितो. तालुक्याचा पाऊस आणि बाजार समितीचे दर यांच्याही नोंदी मिळतात. एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. नमुना बारावर क्षेत्र असते, उत्पन्न नसते. उत्पन्नाचे सरकारी आकडे पीक कापणी प्रयोगांवरून महसूल मंडळापुरते काढलेले असतात, आणि सरासरीत एका घराचे बुडणे दुसऱ्या घराच्या तरण्याने झाकले जाते. त्यामुळे मंडळाच्या आकड्यांवरून काढलेले प्रमाण विचलन प्रत्यक्ष कुटुंबाच्या जोखमीपेक्षा सहसा कमीच भरणार. ही तूट भरून काढावयाची तर घरोघर जाऊन किती पोती झाली, कोणत्या भावाने गेली, उसनवार किती आणि कोणाकडून, हे सालवार विचारावे लागते, आणि शिरापूर-कान्झऱ्याच्या अन्वेषकांना गावात राहून जो विश्वास संपादन करावा लागला, तो टेंभुर्णीत जन्मलेल्या मुलीपाशी आधीपासूनच असतो.